मूठ उघडली पाहिजे

(पक्षाघातानंतरच्या हाताविषयी एका ज्येष्ठ भौतिकोपचारतज्ज्ञांनी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. श्रोत्यांमध्ये रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणारे कार्यकर्ते होते. – सं.)



'अंगावरून वारे गेले' असा शब्दप्रयोग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा जो अध्याय आहे, त्यात पक्षाघाताचे वर्णन येते. वाऱ्याच्या झोतासारखा हा आजार अकस्मात येतो आणि क्षणात माणसाचे अर्धे अंग निकामी करून जातो. आज आपल्याला ठाऊक आहे की हा आघात हातावर किंवा पायावर होत नसून मेंदूवर होतो. मेंदूला रक्त पोचवणारी वाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते आणि त्या भागातील पेशी मरू लागतात. जगातील पंचवीस वर्षांवरील दर चार माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात केव्हा तरी हा आघात होण्याचा संभव असतो, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत मांडला गेला. म्हणजे हा विषय कोणत्याही एका घराचा नाही.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट निक्षून सांगते. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलेनासा झाला किंवा बोलणे अडखळू लागले, तर घड्याळ पाहा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. निवडक रुग्णांमध्ये मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीवाटे काढून टाकण्याचा उपचार चोवीस तासांपर्यंत शक्य झाला आहे. 'अमुक गावी लकव्याचे औषध मिळते', 'कबुतराचे रक्त चोळा' असे सल्ले देणारे आपल्या भोवती पुष्कळ असतात. त्यांच्यामागे धावण्यात जे तास जातात, ते परत मिळत नाहीत.

आज मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या काळाविषयी. रुग्ण वाचला, घरी आला. बहुसंख्य रुग्ण काही महिन्यांत काठीच्या वा कुणाच्या आधाराने का होईना, चालू लागतात. घरच्यांना हायसे वाटते. हात मात्र मागे राहतो. तो छातीशी दुमडलेला, मनगट आत वळलेले, बोटे तळव्यात रुतलेली, अंगठा मुठीत कोंडलेला. हा हात असा का होतो आणि त्यासाठी काय करता येते, हा आजचा विषय.

मेंदूतील हाताची जागा

माँट्रियल येथील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी रुग्ण जागा असतानाच मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतस्पर्श करून, कोणत्या जागेने शरीराचा कोणता भाग हलतो याची नोंद केली. एडविन बोल्ड्री यांच्यासह त्यांनी ती १९३७ साली प्रसिद्ध केली. तिच्यातून मेंदूवरचा जो नकाशा तयार झाला, त्यात संपूर्ण धडाच्या वाट्याला आलेली जागा चिमुकली आहे. हात आणि चेहरा यांनी मात्र मोठा प्रदेश व्यापला आहे. सुईत दोरा ओवणारा, तबल्यावर बोल काढणारा, भाकरी थापणारा हात एवढी बारीक कामे करतो, ती या मोठ्या प्रदेशाच्या जोरावर.

मेंदूतील ज्या वाहिनीत गुठळी अडकण्याचे प्रमाण अधिक, ती मधली मोठी वाहिनी नेमकी याच प्रदेशाला रक्त पुरवते. पायाचा भाग मेंदूच्या आतल्या बाजूस, दुसऱ्या वाहिनीच्या क्षेत्रात येतो. पाय लवकर सावरतो आणि हात मागे राहतो, याचे एक कारण येथे आहे. दुसरे कारण असे की पायाला उभे राहण्यापुरता ताठपणाही उपयोगी पडतो. हाताला ताठपणाचा काहीच उपयोग नसतो. त्याला धरताही आले पाहिजे आणि सोडताही आले पाहिजे.

लुळेपणाकडून ताठरतेकडे

आघातानंतरचे पहिले काही दिवस हात बहुधा लुळा असतो. पुढे काही आठवड्यांत त्यात ताण येऊ लागतो. घरच्यांना वाटते, 'ताकद येऊ लागली.' काही अंशी ते खरे असते, काही अंशी तो भास असतो. अमेरिकेतील डॉ. थॉमस ट्विचेल यांनी १२१ रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून १९५१ साली हा क्रम लिहून ठेवला. आधी प्रतिक्षिप्त क्रिया जाग्या होतात, मग सगळा हात एकदम दुमडण्याची हालचाल येते, बोटे मिटू लागतात आणि बोटे उघडण्याची हालचाल त्यांच्या मागून येते. अनेकांच्या बाबतीत ती येतच नाही. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञ विदुषींनी याच क्रमाच्या पायऱ्या आखून दिल्या. आजही आमच्या अभ्यासक्रमात त्या शिकवल्या जातात.

या ताणाला वैद्यकात स्पास्टिसिटी म्हणतात. आपण ताठरता म्हणू. पक्षाघात झालेल्या साधारण चौघांपैकी एकाला ती जडते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जेम्स लान्स यांनी १९८० साली तिची जी व्याख्या दिली, तिचे मर्म साधे आहे: स्नायू जितक्या वेगाने ताणाल तितक्या जोराने तो विरोध करील. दावे हिसकले की वासरू पाय रोवून उभे राहते आणि हळूहळू चुचकारत नेले की चालू लागते, तसा हा स्नायू आहे. मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणारी आज्ञा आणि आवर दोन्ही क्षीण झाल्यामुळे मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया अनावर होते. शिवाय मेंदूच्या देठातून निघणारे जे जुने, ढोबळ मार्ग शाबूत राहतात, ते हाताच्या बाबतीत दुमडणाऱ्या स्नायूंनाच अधिक साथ देतात. म्हणून मूठ आपोआप मिटते; उघडायला मात्र नेमका तोच मार्ग लागतो, जो आघातात तुटलेला असतो.

ताठरतेचे काही स्वभाव घरच्यांनी ओळखून ठेवावेत. थंडी, वेदना, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, मांसात रुतलेले नख, मनाचा क्षोभ यांनी ती वाढते. हात एकाएकी पूर्वीपेक्षा जास्त आखडला, तर त्याला व्यायामाने वठणीवर आणण्याआधी यांपैकी कारण शोधावे. जांभई देताना लुळा हात आपोआप वर उचलला गेलेला पाहून पुष्कळ कुटुंबे हरखून जातात. ती जांभईसोबत घडणारी अनैच्छिक हालचाल असते. त्यावरून हात बरा होऊ लागला असे समजू नये.

चेंडू दाबण्याचा प्रघात

आता ज्या प्रश्नासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले, त्याकडे येते. पक्षाघाताच्या रुग्णाला भेटायला येणारे निम्मे लोक हातात रबरी चेंडू देऊन जातात. 'दाबत राहा, ताकद येईल.' रुग्ण बिचारा दिवसभर दूरदर्शनसमोर बसून चेंडू दाबत राहतो.

आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ येत असत. हिशेबनीस म्हणून आयुष्य गेलेले, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची नोंद वहीत. पकड मोजण्याचे डायनॅमोमीटर नावाचे यंत्र असते. मूठ आवळली की किती किलो जोर लागला ते दाखवते. सहा महिन्यांत त्यांचा आकडा चारवरून चौदा किलोवर गेला. वहीत आलेख काढलेला. त्यांच्या पत्नीला मी विचारले, 'वहिनी, घरी या हाताने काय करतात?' त्या म्हणाल्या, 'चहाचा कप धरतात. पण सोडता येत नाही. मग मी एकेक बोट सोडवते.' चौदा किलोंची पकड आणि एक कप खाली ठेवता येत नाही! पक्षाघातानंतरच्या हाताचे दुखणे या एका वाक्यात सामावले आहे.

येथे एक गैरसमज दूर करते. चेंडू दाबल्याने ताठरता वाढते, असे पूर्वी आम्हीच शिकवत असू. बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याच्या पद्धतीत जोर लावण्याचे व्यायाम वर्ज्य मानले जात आणि त्या पद्धतीचा जगभर प्रभाव होता. २००६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बळ वाढवण्याच्या व्यायामाने ताठरता वाढत नाही, असे दिसून आले. म्हणजे चेंडू विष नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. रुग्णाची उमेद आणि दिवसाचे तास मर्यादित असतात. जे स्नायू आधीच जिंकत आहेत, त्यांच्याच सरावात ते तास खर्ची पडतात आणि जे हरत आहेत त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

आपण सर्वांनी आत्ता एक करून पाहा. उजवा हात पुढे धरा, मनगट पूर्णपणे आत, खाली वाकवा आणि त्याच स्थितीत मूठ घट्ट आवळण्याचा प्रयत्न करा. जोर लागत नाही ना? आता मनगट थोडे वर उचला आणि मूठ आवळा. लगेच बळ आले! मनगट वर उचलणारे स्नायू हाताच्या मागच्या बाजूचे, बोटे उघडणाऱ्या स्नायूंच्या शेजारचे. म्हणजे चांगली पकडसुद्धा मागच्या बाजूच्या स्नायूंच्या आधारावर उभी असते. मूठ उघडण्याची बाजू सबळ झाली की मूठ आवळण्याचेही सार्थक होते.

उघडणाऱ्या बोटांची साक्ष

नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० साली १८८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आघातानंतर बहात्तर तासांच्या आत रुग्णाला दोन गोष्टी थोड्या तरी करता येतात का, एवढेच पाहिले: खांद्यातून हात बाजूला उचलणे आणि बोटे सरळ करणे. ज्यांना दोन्ही थोड्या प्रमाणात जमल्या, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. ज्यांना जमल्या नाहीत, त्यांची २५ टक्के. कोणतेही महाग यंत्र नाही, रुग्णशय्येजवळ मिनिटभर लागते. त्या पहिल्या तीन दिवसांत बोट किंचित उघडले की पुढील वाटचालीचा अंदाज येतो. आणि ज्यांचे उघडले नाही, त्यांतीलही चौघांपैकी एक सावरतो, हेही विसरू नये.

पकडीचे मोल मी कमी लेखत नाही. महिनाभरात स्वतःच्या इच्छेने थोडी जरी पकड आली, तरी सहा महिन्यांनी हाताचा काहीतरी उपयोग होईल, असे १९८९ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसले होते. निरोगी माणसांच्या बाबतीत तर पकड संपूर्ण प्रकृतीचे दर्पण ठरते. भारतासह सतरा देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. पकड दर पाच किलोंनी कमी, तसा मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक, असा संबंध आढळला. म्हणून पकड जरूर मोजा. मात्र तिच्या शेजारी दुसरा आकडा लिहा: आज हाताने वस्तू किती वेळा सोडली?

प्रेमाने होणारे नुकसान

आपल्या कुटुंबव्यवस्थेचे बळ मला रोज दिसते. मुलगा रजा काढतो, सून रात्री जागते, शेजारी डबा पाठवतात. या बळाची एक दुसरी बाजूही आहे. रुग्णाने हात हलवण्याआधीच कुणीतरी घास भरवते, बटणे लावते, पाण्याचे भांडे ओठांशी नेते. 'त्यांना कशाला त्रास!' या त्रासातच हाताचे भले दडलेले असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांत पाहिले, की एका हाताची संवेदना गेली की माकड तो वापरणेच सोडून देते, वास्तविक त्याला तो हलवता येत असतो. चांगला हात काम भागवतो आणि मेंदू दुसऱ्या हाताला विसरून जातो. याला 'शिकलेला अनुपयोग' म्हणतात. यातून जी उपचारपद्धती निघाली, तिची मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. आघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांपैकी उपचारगटाला दोन आठवडे जागेपणीच्या ९० टक्के वेळ चांगल्या हातात जाड मोजा घालून ठेवायला लावले आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घेतले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या हातात झालेली सुधारणा अधिक होती आणि ती वर्षभर टिकली. या चाचणीत प्रवेशासाठी मनगट आणि बोटे थोडीतरी उघडता येणे ही अट होती. पुन्हा तीच गोष्ट: उघडणाऱ्या हातालाच पुढची दारे उघडतात.

सरावाच्या प्रमाणाचाही विचार हवा. २००९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात उपचारसत्रांचे निरीक्षण केले, तेव्हा हाताच्या उपयुक्त हालचाली सत्रामागे सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरील ज्या प्रयोगांत मेंदूचा नकाशा बदलला, त्यांत दिवसाकाठी शेकड्यांनी आवर्तने होती. अर्थात आवर्तने दुप्पट केली की लाभही दुप्पट होतो, असे नाही. नंतरच्या एका चाचणीने हे दाखवले. परंतु आठवड्यातून दोनदा अर्धा तास उपचारकेंद्रात आणि उरलेला वेळ हात मांडीवर, हा हिशेब कोणत्याही अर्थाने पुरेसा नाही.

औषधे, पट्ट्या आणि आरसा

औषधांविषयी थोडक्यात सांगते. बॅक्लोफेन, टिझानिडिन या गोळ्या सर्व शरीराचा ताण उतरवतात, सोबत झोप आणि अशक्तपणाही आणतात. बॅक्लोफेन स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. त्यातून गंभीर त्रास उद्भवू शकतो. बोटुलिनम टॉक्सिन, ज्याला लोक बोटॉक्स म्हणून ओळखतात, ते नेमक्या आखडलेल्या स्नायूत टोचतात. मनगट आणि बोटांच्या ताठरतेवर ते परिणामकारक असल्याचे २००२ साली १२६ रुग्णांच्या चाचणीत सिद्ध झाले. त्याचा परिणाम साधारण तीन महिने राहतो आणि ते महाग आहे. इंजेक्शनाने मूठ सैल होते. उघडण्याचे शिक्षण मात्र त्या तीन महिन्यांत रुग्णालाच घ्यावे लागते. इंजेक्शन घेऊन व्यायाम न करणे म्हणजे शेत नांगरून पेरणी न करणे.

हाताला बांधायच्या पट्ट्यांवर आणि ताण देण्यावर लोकांची फार श्रद्धा असते. ऑस्ट्रेलियात २००७ साली ६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रात्रीच्या पट्टीने मनगटाचे आखडणे टळले नाही. तळवा स्वच्छ राहावा, त्वचा जपावी यासाठी पट्टीचा उपयोग होऊ शकतो. तिने हात चालू लागेल अशी अपेक्षा ठेवू नये. तेलाच्या मालिशीबद्दलही हेच. हलक्या हाताने, सावकाश केलेल्या मालिशीने बरे वाटते, स्पर्शाची जाणीव होते. जोराने रगडणे किंवा बोटे हिसकून सरळ करणे टाळा. हिसका दिला की ताठरता उलट उठते, हे आपण पाहिलेच.

ज्यांचा हात मुळीच हलत नाही, त्यांच्यासाठी आरशाचा उपाय आहे. तामिळनाडूत जन्मलेले मज्जाशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी १९९०च्या दशकात तो पुढे आणला आणि १९९९ साली पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवरील पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा ठेवायचा, दुबळा हात त्याच्या मागे. चांगला हात उघडताना आरशात पाहायचे. मेंदूला वाटते, दुसराच हात उघडतो आहे. पुढे अनेक चाचण्यांतून त्याचा माफक पण खरा लाभ दिसला. त्यासाठी घरातला साधा आरसा पुरतो.

घरी काय करावे

आता नित्याच्या गोष्टी. आवळलेली मूठ सोडवण्याची रीत शिकून घ्या. बोटांना थेट हात घालू नका. प्रथम मनगट हळूच आत वाकवा. बोटांचा ताण आपोआप सैल होतो. मग अंगठा त्याच्या बुडाशी धरून बाहेर आणा, टोकाला धरून ओढू नका. त्यानंतर बोटे सरळ करा आणि शेवटी, बोटे सरळ असतानाच, मनगट सावकाश वर आणा. रोज तळवा धुऊन कोरडा करा, नखे कापा. खांद्याला जपा; लुळ्या हाताला धरून रुग्णाला उठवू नका आणि दाराला कप्पी बांधून हात वर खेचण्याच्या फंदात पडू नका. त्याने खांदा दुखावतो आणि दुखरा खांदा हाताची सारी प्रगती रोखतो.

आपला नमस्कार हा एक उत्तम व्यायाम आहे. चांगल्या हाताने दुबळ्या हाताची बोटे सरळ करून दोन्ही तळवे छातीशी जुळवा, कोपरे हळूहळू बाहेर न्या, तळवे जुळलेलेच ठेवून हात थोडे खाली आणा. दुखेल तेथे थांबा. मनगट आणि बोटे दोन्ही एकाच वेळी उघडतात.

ज्यांना थोडी हालचाल आहे, त्यांनी सोडण्याचा सराव करावा. आरंभी मोठ्या, हलक्या वस्तू घ्या: लोकरीचा गुंडा, लिंबू, प्लॅस्टिकचा पेला. परडीतून उचलून पाटीत सोडायचे आणि मोजायचे ते सोडणे. जमू लागले की बटाट्यावरून सुपारीवर, सुपारीवरून हरभऱ्यावर या. टेबलावर पंचा ठेवून दोन्ही तळव्यांनी पुढे सारा. लाटणे हे आपल्या स्वयंपाकघरातले अद्भुत साधन आहे. ते मुठीने नव्हे, उघड्या तळव्यांनी फिरते. पुरुष रुग्णांनी लाटणे हाती घ्यायला लाजू नये. कपड्यांच्या घड्या, वर्तमानपत्राची पाने उलटणे, डब्याचे झाकण उघडणे, ही सगळी कामे औषधच आहेत.

आणि एक हळवा विषय. उजवा हात गेलेला माणूस डाव्या हाताने जेवू लागतो. आपल्याकडे तो अशिष्टपणा समजला जातो, म्हणून कित्येक जण लग्नकार्याला, पंगतीला जाणेच बंद करतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पुढाकार घेऊन हा संकोच मोडला पाहिजे. ज्या हाताने माणूस स्वावलंबी होतो, तो हात शुभच म्हणायचा.

सगळे हात बरे होत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो, नंतर तो मंदावतो. तथापि दार बंद होत नाही. मानेतील व्हेगस मज्जातंतूला उत्तेजन देत व्यायाम करवण्याच्या २०२१ सालच्या चाचणीत आघाताला नऊ महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत लोटलेले १०८ रुग्ण होते आणि खऱ्या उत्तेजनाच्या गटात हात अधिक सुधारला. ते उपकरण आज सामान्यांच्या आवाक्यात नाही. पण वर्षांनंतरही मेंदू शिकू शकतो, ही त्यातली शिकवण सर्वांच्या आवाक्यातली आहे.

कार्यकर्त्यांसाठी

शेवटी, येथे बसलेल्या सेवाभावी कार्यकर्त्यांशी दोन शब्द. १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, हाजीअलीजवळ पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तेव्हापासून पुष्कळ मजल मारली असली, तरी तालुक्याच्या गावातल्या रुग्णाला प्रशिक्षित तज्ज्ञ आजही सहज मिळत नाही. मग घरच्यांनाच शिकवून सोडले तर? हा विचार आपल्याच देशात तपासला गेला. चौदा रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. घरच्यांना प्रशिक्षण दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत सहा महिन्यांनी मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के होते.

हा निष्कर्ष ऐकून कुणी निराश होऊ नये. त्यातून योग्य तो बोध घ्यावा. आपुलकीला तज्ज्ञाच्या देखरेखीची जोड हवी. सगळा भार थकलेल्या कुटुंबावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपण रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवता. खाटा, चाकांच्या खुर्च्या, वॉकर देता. त्यांच्यासोबत एक परडी ठेवा: आरसा, लाटणे, लोकरीचे गुंडे, पेले आणि नोंदीची वही. महिन्यातून एकदा परिसरातील भौतिकोपचारतज्ज्ञाला किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञाला केंद्रावर निमंत्रित करा. रुग्णाला दर आठवड्याला भेटा आणि तीन प्रश्न विचारा. तळवा स्वच्छ आहे का? खांदा दुखतो का? या आठवड्यात हाताने वस्तू किती वेळा सोडली? गृहिणीला तासभर विसावा मिळावा म्हणून तेवढा वेळ रुग्णाजवळ बसा. ही सेवा छायाचित्रात दिसत नाही, पण तिच्यावाचून बाकीचे उपचार लंगडे पडतात.

आणि यापुढे पक्षाघाताच्या रुग्णाला भेटायला जाताना चेंडू नेऊ नका. त्याच्यासमोर बसा, हात पुढे करा आणि म्हणा, 'काका, तुमच्या हातातले ते लिंबू माझ्या तळहातावर सोडा.' कितीही वेळ लागला, तरी थांबा.